बस बोलावणारा मास्तर

जपानमधल्या काशिवा गावच्या सरकारी शाळेत मी वरच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवतो. तसा मी निवृत्त झालो आहे, पण आठवड्यातले तीन दिवस शाळा मला पुन्हा बोलावून घेते, कारण या डोंगरात यायला तरुण मास्तर मिळत नाही. पुरवठा कमी पडला की जुन्या मालालाही भाव येतो, याचं उदाहरण म्हणून मी वर्गात स्वतःचंच नाव सांगतो. मुलं खूप हसतात. माझी बरीच वर्षं अशी समजूत होती, की उदाहरण चांगलं आहे म्हणून हसतात.

माझा स्वभाव असा, की समोर काही चाललेलं दिसलं की ते जास्त चांगलं कसं चालेल हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गावच्या गरम पाण्याच्या स्नानगृहात बाकीचे लोक डोळे मिटून गळ्यापर्यंत पाण्यात बसतात, आणि मी कोणता नळ किती वेळ मोकळा राहतो ते बघत बसतो. सरकारच्या धोरणांचे जाडजूड अहवाल मी कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून, संत्री सोलत, कादंबरीसारखे वाचतो. नवीन यंत्र बाजारात आलं की पहिलं आमच्या घरी. केर काढणारं यंत्र आणलं तेव्हा ते घरभर फिरून शेवटी माझा पायमोजा गिळून कोतात्सूखाली अडकलं. माझी बायको चिकाको म्हणाली, "तुमच्यापेक्षा ते बरं. अडकलं की निदान गप्प तरी बसतं."

तर असा मी. आणि माझ्या हाती गावाची बस लागली.

आमची जुनी बस सकाळी वरच्या कामिझावा वस्तीतून निघायची, वळणं घेत खाली यायची, दवाखाना, दुकान, नगरपालिका करत पुन्हा वर जायची. कधी दोन म्हाताऱ्या आत असायच्या, कधी नुसता ड्रायव्हर इगाराशी. नगरपालिकेत माझा जुना विद्यार्थी ओनुमा वाहतुकीचं काम बघतो. त्याने मला समितीवर घेतलं. "सर, तुम्ही या विषयातले," असं तो म्हणाला. कोणत्याही विषयाबद्दल कुणी मला असं म्हणालं की मी लगेच त्या विषयातला होतो.

पहिल्याच बैठकीत मी पडद्यावर आलेख दाखवले. रिकामी बस म्हणजे डिझेल पिऊन डोंगरातली हवा खाली आणणारा डबा, असं मी बोललो. हे वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. मग मी उपाय सांगितला. ठरावीक वेळची बस बंद करायची. ज्याला जायचं असेल त्याने फोन करायचा, नाहीतर मोबाइलवरून कळवायचं. कुणाला कुठून कुठे जायचंय ते संगणक जुळवेल, आणि छोटी गाडी थेट दारात येईल. गरज असेल तिथेच गाडी, गरज नसेल तिथे नाही.

"म्हातारी माणसं फोन करतील का?" एका सभासदाने विचारलं.

"नातवंडांना करतातच की!" मी म्हणालो. सगळे हसले आणि ठराव झाला. स्थानिक पेपरात ते डब्याचं वाक्य छापून आलं. ते कात्रण चिकाकोने फ्रिजवर लावलं, पण त्यावर चुंबक असा लावला, की माझा फोटो झाकला जाईल.

शरद संपता संपता नवी गाडी आली. पांढरी, स्वच्छ, गरम गाद्यांची. इगाराशी तिच्याशेजारी गणवेश घालून उभा राहिला. पहिल्या आठवड्यात आम्ही समितीवाले हौसेने फिरून आलो. मग बर्फ पडायला लागलं आणि फोन येणं बंदच झालं. इगाराशी नगरपालिकेच्या आवारात गाडीवरचं बर्फ झाडायचा आणि आत येऊन चहा प्यायचा.

ओनुमा काळजीत पडला. मी नाही पडलो. मी त्याला समजावलं, "अरे, हेच तर आपल्याला बघायचं होतं. मागणी नव्हतीच! जुनी बस उगाच धावत होती. आता निदान ते सिद्ध झालं."

"पण सर, मग या म्हाताऱ्या आधी कुठे जात होत्या?"

"सवयीने जात असतील," मी म्हणालो. आता आठवलं की कान गरम होतात.

माझ्या सासूबाई, तोकिए, वर कामिझावात एकट्या राहतात. वय झालंय, पण छपरावर चढून बर्फ पाडायला निघतात, म्हणून हिवाळ्यात अधूनमधून मला जावं लागतं. असंच एका सकाळी मी गाडी घेऊन वर चाललो होतो. वळणावर लहानसं देऊळ आहे, त्याच्या मागे कुणीतरी पटकन लपल्यासारखं दिसलं. जांभळी शाल मागून अर्धी बाहेर. ती शाल मीच त्यांच्या वाढदिवसाला दिली होती.

मी गाडी थांबवून खाली उतरलो. "आई, तुम्ही इथे काय करताय?"

"पाया पडतेय," सासूबाई देवळाच्या मागच्या भिंतीला म्हणाल्या.

"मागच्या बाजूने?"

त्या बाहेर आल्या. हातात काठी, बुटांना दोरी बांधलेली, पाठीवर पिशवी. दवाखान्यात गुडघ्याचं औषध आणायला निघाल्या होत्या. एवढ्या बर्फातून, पायी.

"अहो पण बस! फोन केला की दारात येते! त्याच्यासाठी तर मी एवढं..."

"माझ्या एकटीसाठी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना वरातीत घोड्यावर बसायला सांगतोय. "तो पोरगा इगाराशी एवढ्या बर्फातून वर येणार, आणि मी एकटी मागे बसून खाली जाणार? नवी नवरी आहे का मी? लोक काय म्हणतील?"

"पण आधी तर तुम्ही त्याच बसने जात होतात."

"आधी ती आपली आपण येत होती. मी वाटेत उभी असायचे, एवढंच."

मी त्यांना गाडीत बसवून खाली घेऊन गेलो. वाटेत मी समजावत होतो, की गाडी एकासाठी आली काय नि पाचांसाठी आली काय, खर्च ठरलेलाच आहे, ड्रायव्हर बसूनच आहे, म्हणजे तुमच्या एका फेरीचा जादा भार जवळजवळ शून्य. त्या सगळं ऐकून घेत होत्या. दवाखान्यापाशी उतरताना म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं शून्य तुमच्यापाशी ठेवा. मला लाज वाटते ती शून्य नाही."

त्यानंतर मला जे सुचलं ते मी सगळं करून पाहिलं. वस्तीच्या सभागृहात म्हाताऱ्या माणसांची दर महिन्याला व्यायामाची बैठक असते. तिथे जाऊन मी भाषण दिलं, की बस बोलावणं हा तुमचा हक्क आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळी घरी चालत गेली. मग मी प्रत्येक फेरीला एक शिक्का देणारं कार्ड काढलं. कार्ड भरलं की बक्षीस म्हणून गरम पाण्याचं स्नान. सासूबाईंची शेजारीण हात्सुयो म्हणाली, "सर, माझ्या घरात न्हाणीघर आहे हो." मोबाइलवरून बस कशी बोलवायची तेही मी शिकवलं. त्या एकमेकींना फुलांचे फोटो पाठवायला शिकल्या.

मग एकदा मी छपराचं बर्फ काढायला सासूबाईंकडे मुक्कामाला राहिलो. सकाळी माझी गाडी सुरूच होईना. थंडीने बॅटरी बसली होती. शाळेला सुट्टी होती, पण गॅरेजवाल्याला गाठायला खाली तर जायचं होतं. मी फोन करून बस बोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःच्या गरजेसाठी. फोन ठेवला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"बस येतेय?"

"हो. मला खाली जायचंय."

"तुम्हाला जायचंच आहे?"

"हो, का?"

त्यांनी घाईने शाल घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. बस मी जुन्या थांब्यावरच बोलावली होती; तिथे पोचलो तर पाच जणी उभ्या! हात्सुयोच्या हातात खारवलेल्या मुळ्याची पिशवी, एकीच्या डोक्यावर नवी टोपी, सासूबाई ओठांना काहीतरी लावून आलेल्या. इगाराशीने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"सर चाललेच आहेत ना," हात्सुयो त्याला म्हणाली, "मग आम्हीही येतो झालं. त्यांनाही सोबत."

गाडी भरून आम्ही खाली आलो. अख्ख्या हिवाळ्याचं बोलणं त्यांनी त्या एका उतारावर उरकलं. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाच्या घरात रानडुक्कर शिरलं. मी मधे बसून होतो, आणि माझे सगळे आलेख माझ्या डोक्यातून एकेक करून घरंगळत होते. मागणी नव्हती असं नाही. मागणी थांब्यावर शाल पांघरून उभी होती. तिला फक्त कुणाच्या तरी नावाची बस हवी होती. आपल्या नावाची नको होती.

मग मी ठरवलं, की ते नाव माझं असू दे.

मंगळवारी आणि शुक्रवारी मला शाळा नसते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी सकाळी आमच्या घरून गाडीने वर जायचो, गाडी सासूबाईंच्या अंगणात लावायचो आणि तिथून खाली जायला बस बोलवायचो. म्हणजे बसने जाण्यासाठी मी आधी गाडीने डोंगर चढत होतो. ऊर्जेची बचत या विषयावर मी दर वर्षी मुलांकडून निबंध लिहून घेतो, हे इथे सांगायला हवं.

"अहो, तुम्ही खोटी मागणी तयार करताय," चिकाको विणता विणता म्हणाली.

"खोटी कशी? मी खरोखर बसतो."

"आणि खाली जाऊन काय करता?"

ती खरी अडचण होती. बायका दवाखान्यात जायच्या, म्हणून मलाही दवाखानाच सांगावा लागायचा. मग त्यांच्यासमोर उतरून परत कसं फिरायचं? मी आत जाऊन बाकावर बसायचो. खिडकीतल्या बाई दर वेळी विचारायच्या, "मोमोसे सर, आज काय होतंय?" मी म्हणायचो, "विशेष काही नाही." तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि रक्तदाब मोजायला लावला. तो वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं वेळेवर आलात." तेव्हापासून मी गोळी घेतो. सार्वजनिक वाहतुकीचे आरोग्यावर होणारे चांगले परिणाम यावर एक टिपण लिहायचं माझ्या मनात आलं होतं. चिकाकोने पेन काढून घेतलं.

पण गाव लहान. मास्तर आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जातो, बाकावर गप्प बसतो, काय होतंय ते सांगत नाही. दुकानात एका बाईने चिकाकोचा हात धरला आणि विचारलं, "ताई, डॉक्टर काय म्हणतात? किती दिवस?" चिकाको म्हणाली, "स्वभावाचा आजार आहे, बराच काळ चालेल." त्या बाईंनी डोळे पुसले. त्यांनी पुढे काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दोन दिवसांनी मुख्याध्यापक पेटीतलं टरबूज घेऊन घरी आले. भर हिवाळ्यात टरबूज! आमच्याकडे असलं महागडं टरबूज मोठ्या आजाराशिवाय कुणी आणत नाही. ते मान खाली घालून म्हणाले, "तुमचे तास कमी करायचे असतील तर संकोच करू नका." मी बसची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, आणि निघताना दारात चिकाकोला हळूच विचारलं, "असं बोलणं कधीपासून सुरू झालं?"

टरबूज मात्र फार गोड निघालं.

वर्गातही व्हायचं ते झालं. मी मागणीचा धडा घेत होतो. मागच्या बाकावरची कानोन हात वर करून उभी राहिली. ही मुलगी हुशार आहे, आणि तिची आजी म्हणजे कामिझावाची हात्सुयो. ती म्हणाली, "सर, एखाद्या माणसाला एखादी गोष्ट नको असेल, पण दुसऱ्याला मिळावी म्हणून तो मागत असेल, तर ती वक्रावर कुठे काढायची?"

मी फळ्यावर एक वक्र काढला आणि पुसून टाकला. "पुस्तकात नाही," मी म्हणालो.

"आजी म्हणते, सर चांगले आहेत, फक्त गाडीत बोलतात फार."

वर्ग हसला. या वेळी कशाला हसला ते मला कळलं.

आणि मग संगणकाने घात केला. कुणाला गाडीची किती गरज आहे, हे ओळखण्याची सोय त्या यंत्रणेत होती. ही सोय हवीच, असा आग्रह समितीत मीच धरला होता. यंत्रणेने हिशेब लावला, की मोमोसे नावाचा वृद्ध गृहस्थ सगळ्यात गरजू आहे. वारंवार दवाखाना, डोंगराळ वस्ती, बहुधा एकटा. तिने आपण होऊन कल्याण विभागाला कळवलं. एका सकाळी आमच्या दारात एक तरुण बाई उभी. हातात काठ्यांची, धरायच्या दांड्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठीच्या पलंगांची चित्रं.

"आजोबा घरात आहेत का?" तिने मलाच विचारलं.

चिकाको आतून ओरडली, "आहेत! त्यांना पलंगाची चित्रं दाखवा, सगळी दाखवा!" आणि ती इतकी हसली, की विणकामाचे टाके सुटले.

त्याच संध्याकाळी ओनुमा आला. बूट काढले. कोतात्सूत बसला, चहा घेतला, मग म्हणाला, "सर, खरं सांगा. तुम्ही आजारी आहात का?"

"नाही रे."

"मग तुम्ही एकटेच अख्खी मागणी आहात. मी वरिष्ठांना आकडे पाठवतो. ते म्हणतात, एका माणसासाठी एवढी गाडी कशाला, त्यालाच टॅक्सी द्या आणि योजना बंद करा."

मी हातातलं संत्रं खाली ठेवलं. माझ्या नावावर बस चालवता चालवता मी ती बंद पाडायला निघालो होतो. माझ्यामागे किती जणी चढत होत्या ते कुणाला दिसतच नव्हतं, कारण नोंद फक्त बोलावणाऱ्याची व्हायची. तीही कल्पना माझीच. सोपं ठेवू या, असं मी म्हणालो होतो.

"समितीपुढे मीच सांगतो," मी म्हणालो.

"काय सांगणार?"

"मी चुकलो म्हणून."

ओनुमाने चहाचा कप खाली ठेवला. "सर, आकृत्या आणू नका," तो म्हणाला.

मी नाही आणल्या. समितीपुढे मी उभा राहिलो तेव्हा आरशासमोर म्हणून पाहिलेलं एकही वाक्य माझ्याजवळ नव्हतं. देवळामागची जांभळी शाल सांगितली, थांब्यावरच्या पाच जणी सांगितल्या, दवाखान्याचा बाक सांगितला. पलंगाची चित्रं घेऊन आलेल्या बाईपर्यंत पोचलो तेव्हा अध्यक्षांनी रुमाल तोंडाला लावला होता. मी म्हणालो, माणसाला गाडी लागते, पण गाडी मागायची लाज वाटते. ही लाज मी हिशेबात धरली नव्हती. माझ्या घरच्या माणसाची धरली नव्हती, मग गावाची कुठून धरणार? म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी कुणीही न बोलावता वर जाऊ द्या. बाकीचे दिवस फोनवर ठेवा.

ज्या सभासदाने पहिल्या बैठकीत म्हाताऱ्यांच्या फोनबद्दल विचारलं होतं, तो म्हणाला, "म्हणजे जुनी बस."

"नाही," मी म्हणालो. "जुनी रोज येत होती."

"म्हणजे जुनीपेक्षा कमी."

"हो," मी म्हणालो. सगळे हसले, आणि मीही हसलो, आणि त्या हशात ठराव झाला. इगाराशीलाही बोलावलं होतं. आत चढणाऱ्या प्रत्येकाची नोंद यापुढे तो ठेवेल असं ठरलं. तो म्हणाला, "ठेवतो. पण त्यांनी मला दिलेला गेल्या महिन्यातला मुळा अजून शिल्लक आहे, तो कुठे लिहू?"

बर्फ वितळायला लागलं तसं गाडीत गर्दी वाढली. खालच्या वस्तीतली म्हातारी माणसंही वाटेत उभी राहू लागली, उगाच उभी असल्यासारखी. मी आता मोकळा होतो. मला वर जायचं कारण नव्हतं, बस बोलवायचं कारण नव्हतं. पहिल्या मंगळवारी मी घरी बसून अहवाल वाचायला घेतला, पण दुसऱ्या पानाच्या पुढे जाईना. हात्सुयोच्या घरातल्या रानडुकराचं पुढे काय झालं, ते मला कळलं नव्हतं.

शुक्रवारी मी आमच्या खालच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. इगाराशीने दार उघडलं. आतून पाच-सहा चेहरे माझ्याकडे वळले.

"काय हो, पुन्हा आजारी पडलात की काय?" सासूबाईंनी विचारलं.

"गोळ्या संपल्यात," मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्यांनी आपसात काहीतरी कुजबुज केली. मग हात्सुयोने आपली पिशवी शेजारच्या जागेवरून उचलून मांडीवर घेतली. "बसा," ती म्हणाली. "पण दवाखाना येईपर्यंत धोरणाचं काही बोलायचं नाही. इगाराशी, सरांनी तोंड उघडलं तर वाटेत उतरवायचं हं."

"कळलं," इगाराशी म्हणाला, आणि गाडी सुटली. रानडुकराला तीन पिल्लं झाली होती.